रडारवर लाल, रानात कोरडे: डॉप्लर रडार खान्देशाला काय दाखवते

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीबाग आहे. मे महिन्यात मोबाईलवर रडारचे चित्र पाहिले तेव्हा गावाच्या खालच्या अंगाला बारीकसा ठिपका होता, गावावर काहीच नव्हते. तासाभरात वाऱ्याने बाग आडवी झाली. पावसाळ्यात उलटे होते. गावावर पिवळे-लाल दिसते आणि अंगणात थेंब नसतो. मग हवामान अंदाज देणाऱ्यांना या रडारचा नेमका उपयोग काय होतो, आणि शेतकऱ्याने त्यावर किती भिस्त ठेवावी?

चित्रात दिसते ते तुमच्या बांधावरचे नसते, बांधाच्या कित्येक किलोमीटर वरचे असते. किती वरचे, हे रडार तुमच्यापासून किती लांब आहे यावर ठरते. खान्देशात सगळा घोळ इथेच होतो, म्हणून आधी हा हिशेब पाहू. रंगांचे नंतर.

रडारचा अँटेना सर्वांत खालच्या फेरीतही जमिनीला समांतर नसतो, साधारण अर्धा अंश वर करून फिरवतात. त्यात पृथ्वी गोल, त्यामुळे जसजसे लांब जावे तसतशी जमीन रडारच्या लहरींच्या झोताखालून सुटत जाते. हवेमुळे झोत थोडा खाली वाकतो, तेही धरून आकडे असे येतात: ५० किमीवर झोताचा मध्य जमिनीपासून सुमारे ६०० मीटर, १०० किमीवर दीड किमी, १५० किमीवर २.६, २०० किमीवर ४.१, २५० किमीवर जवळपास ६ आणि ३०० किमीवर ८ किमीच्या आसपास. शिवाय बॅटरीच्या उजेडासारखा हा झोत पुढे पुढे फाकत जातो. एक अंश रुंदीचा झोत १०० किमीवर पावणेदोन किमी जाड असतो, ३०० किमीवर पाच किमीहून जास्त.

आता आपली अंतरे टाकू. खान्देशाभोवतीची जुनी मोठी रडार म्हणजे मुंबई, नागपूर आणि भोपाळ. धुळे मुंबईच्या रडारपासून सरळ रेषेत २८० ते ३०० किमी, नंदुरबार त्याहून थोडे पुढे. जळगाव मुंबईपासून ३७० आणि नागपूरपासून ३६० किमीच्या आसपास. रावेरला यांतले सर्वांत जवळचे भोपाळ, तेही २६५ किमी. म्हणजे भोपाळचे रडार रावेरकडे पाहते तेव्हा झोताचा मध्य साडेसहा किमीच्या आसपास असतो आणि खालची कडसुद्धा चार किमीच्या वर. पावसाळ्यातली साधी झड चार-पाच किमी उंचीच्या ढगांतून पडते. झोत त्यांच्या डोक्यावरून निघून जातो आणि तिकडे चित्र स्वच्छ, इकडे रान चिंब अशी गत होते. मे महिन्यातला गडगडाटी ढग १२ ते १५ किमी चढतो, तो दिसतो. पण त्याचे वरचे अर्धे धडच दिसते.

मधे डोंगर आले की आणखी अडचण. मुंबईहून जळगावच्या दिशेला पाहिले तर कळसूबाई जवळजवळ त्याच रेषेवर येते. शिखर १६४६ मीटर, मुंबईपासून सुमारे १२० किमी. त्या अंतरावर अर्ध्या अंशाच्या झोताची खालची कड ९०० मीटरच्या आसपास असते. म्हणजे झोताचा खालचा हिस्सा डोंगर खातो आणि पुढच्या पाचरीत सगळेच ढग आहेत त्यापेक्षा फिके दिसतात. ज्या दिशेला चित्रात कायम एक फिकट पट्टा दिसतो तिथे कोरडेपणा शोधू नका, डोंगर शोधा.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये हवामान निरीक्षण आणि अंदाज सुधारण्याच्या मिशन मौसम या योजनेला मंजुरी दिली. त्यात रडारचे जाळे दाट करण्याचा भाग मोठा आहे. तुमच्या जवळ नवे रडार सुरू झाले की वरचा हिशेब पुन्हा मांडायचा. रडार १०० किमीच्या आत आले की खेळच बदलतो.

आता यंत्र काय करते ते. एस-बँड रडारची लहर साधारण १० सेंमीची, सी-बँडची ५, एक्स-बँडची ३ सेंमीची. कुलाब्याचे रडार एस-बँड, मुंबईतच वेरावलीचे सी-बँड. लहर जितकी आखूड तितका अँटेना लहान आणि यंत्र स्वस्त, पण जोरदार पावसात ती लहर वाटेतच खर्च होते. एक्स-बँड रडारसमोर पहिले वादळ उभे राहिले की त्यामागचे दुसरे गायब होऊ शकते, म्हणून त्याचा भरवसा १०० किमीच्या आतच धरतात. एस-बँडला हा त्रास जवळजवळ नाही. साडेआठ मीटरचा अँटेना आणि मनोरा सांभाळायची तयारी मात्र हवी.

रडार एका सेकंदात काही शे स्पंदने, म्हणजे लहरींचे छोटे झटके, सोडते. एक मायक्रोसेकंदाच्या स्पंदनातून १५० मीटरचा बारकावा मिळतो. दोन स्पंदनांच्या मधल्या वेळात ते परत येणारा प्रतिध्वनी ऐकते. एका कोनात पूर्ण फेरी झाली की अँटेना थोडा वर, मग आणखी वर, असे साधारण दहा कोन, वरचा कोन वीस अंशांच्या आसपास. सगळे मिळून दहा-एक मिनिटे लागतात, म्हणून चित्र दहा मिनिटांनी बदलते.

परत आलेल्या शक्तीचे माप डीबीझेडमध्ये देतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. ३ मिमीचा एक थेंब १ मिमीच्या ७२९ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो. पाणी मात्र त्यात फक्त २७ थेंबांचे. म्हणजे थोडेसेच टपोरे थेंब असले तरी चित्र लाल होते आणि दाट बारीक पाऊस हिरव्यातच राहतो. मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दिलेल्या सूत्राने २० डीबीझेड म्हणजे ताशी अर्धा-पाऊण मिमी, ३० म्हणजे पावणेतीन, ४० म्हणजे साडेअकरा, ५० म्हणजे जवळपास ५० मिमी. ६० डीबीझेड तसेच सूत्रात घातले तर ताशी २०० मिमी निघतात. तेवढा पाऊस तिथे बहुधा नसतो, गार असते. म्हणून पावसाचा अंदाज काढताना ५३ ते ५५ डीबीझेडच्या वरचे कापून टाकायची पद्धत आहे.

लाल दिसले आणि थेंब नाही, याची कारणे आता सांगता येतात. पहिले कारण वितळणारा थर. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच किमीच्या आसपास असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये चारच्या आसपास. तिथे हिमकण वितळताना त्यांच्यावर पाण्याची साय धरते आणि रडारला तो कण मोठ्या थेंबासारखा भासतो. प्रतिध्वनी ५ ते १० डीबीझेडने फुगतो. रडारपासून २०० ते २३० किमीवर अर्ध्या अंशाचा झोत नेमका याच थरात असतो. दुसरे, थेंब वरून खाली येईपर्यंतचा वेळ. पाच किमी खाली यायला तेरा-चौदा मिनिटे लागतात. वारा सेकंदाला १० मीटर असला तर थेंब सात-आठ किमी लांब जाऊन पडतो. तुमच्यावर दिसलेला पाऊस शेजारच्या शिवारात. तिसरे, मॅक्स-झेड नावाच्या ज्या चित्राकडे सगळे पाहतात त्यात त्या जागेच्या उभ्या रांगेतला सर्वांत मोठा आकडा रंगवलेला असतो, मग तो जमिनीजवळचा असो की नऊ किमीवरचा. त्याच चित्राच्या वरच्या आणि उजव्या पट्टीत उंची दिलेली असते, ती फार थोडे लोक पाहतात. चौथे कारण बाष्पीभवन, आणि बागेचे उत्तर त्यातच आहे.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचे तापमान ४४-४५ अंशांवर जाते. जमिनीपासून तीन किमीपर्यंतची हवा कोरडी ठणठणीत असते. सातपुड्याच्या उतारावर किंवा अजिंठ्याच्या रांगेवर ढग बांधला जातो, त्याचा तळच तीन किमीच्या वर. त्यातून पाऊस सुटतो, पण खालच्या कोरड्या थरात बराचसा वाटेतच उडून जातो. पाणी उडताना हवेतली उष्णता घेते, हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली येते. जमिनीवर आपटली की चहूकडे पसरते. पाऊस दोन मिमी, वारा ताशी ६०-७० किमी. केळीला एवढा पुरे: मोठी पाने, वर जड घड, मुळे वरच्या थरात. घड भरलेली बाग आधी पडते.

ही घसरण रडारवर कशी ओळखतात? लागोपाठच्या फेऱ्यांत ५० डीबीझेडचा गाभा सहा-सात किमीवर असतो, पुढच्या फेरीत तो तीन किमीवर आलेला दिसतो. ढगाच्या मधल्या उंचीवर, तीन ते पाच किमीत, चहूबाजूंनी हवा आत ओढली जाताना डॉप्लरवर दिसते. त्यानंतर पाच-दहा मिनिटांत वारा जमिनीवर. मग जमिनीलगत हवा बाहेर पसरताना दिसते, पण ते बघायला रडार ४०-५० किमीच्या आत हवे. पसरलेल्या गार वाऱ्याची पुढची कड म्हणजे एक बारीक रेघ असते, ५ ते २० डीबीझेडची. धूळ, कीटक आणि हवेतला फरक यांनी उमटलेली. पावसाच्या पुढे ती १५-२० किमी धावते. तिची उंची किलोमीटरभर, म्हणून ६०-८० किमीच्या पलीकडून ती दिसणे कठीण. भोपाळहून रावेरकडे पाहताना साडेसहा किमीवरच्या झोताला ती दिसणार नाही. चित्रात गावावर काहीच नव्हते, कारण गावावर ढग नव्हताच. ढग शेजारी होता आणि वारा ढगाच्या पुढे आला.

डॉप्लर हा शब्द वर आला. परत येणाऱ्या लहरीच्या बदलावरून थेंब रडारकडे येतात की दूर जातात आणि किती वेगाने, हे कळते. फक्त कडे आणि दूर, एवढेच. झोताला आडवा वाहणारा वारा शून्य दिसतो, तो कितीही जोरात असो. त्यामुळे वेगाच्या चित्रात शून्याची रेघ म्हणजे वारा पडला असे वाचायचे नाही.

याला आणखी एक मर्यादा आहे. एस-बँडला सेकंदाला ६०० स्पंदने सोडली तर २५० किमीपर्यंतचे अंतर बिनचूक कळते, पण वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किमीपर्यंतच. त्यापुढचा वेग उलटा पडतो: तुमच्याकडे येणारा ताशी ६० किमीचा वारा दूर जाणारा ४८ किमीचा म्हणून दिसतो. स्पंदने वाढवली तर वेग सुधारतो, अंतर आखडते. तोड म्हणून ६०० आणि ४५० अशी आलटून-पालटून स्पंदने सोडतात आणि दोन्हींच्या मेळातून मर्यादा ४५ मीटरपर्यंत नेतात. तरी कडेला चुकीचे ठिपके पडतातच. वेगाच्या चित्रात (तिथले रंग पावसाचे नसतात, वाऱ्याच्या दिशेचे असतात) लाल पट्ट्यात अचानक गडद हिरवा डाग आला तर जाणकार आधी उलटा पडलेला वेग धरतो, चक्रीवादळ नंतर. अंतराचीही गल्लत होते: २५० किमीच्या मर्यादेत ३०० किमीवरचे वादळ ५० किमीवर दिसते, झोताच्या दिशेने लांबट, चिरल्यासारखे.

नव्या रडारमध्ये दुहेरी ध्रुवण असते, म्हणजे आडवी आणि उभी अशा दोन लहरी. टपोरा थेंब पडताना खालून चपटा होतो, म्हणून आडवा प्रतिध्वनी जास्त. फरक ३-४ डेसिबलपर्यंत जातो. गार लोळत-फिरत येते, तिचा फरक शून्याजवळ. डीबीझेड ५५ च्या वर आणि हा फरक शून्याकडे, सोबत दोन्ही लहरींचा मेळ (पूर्ण जुळल्या तर १) ०.९५ च्या खाली, तर गार जवळपास पक्की. याच मेळाचा आकडा पक्षी, कीटक, धूळही वेगळी काढतो, पावसाचा ०.९८ च्या वर असतो, त्यांचा बराच खाली. तिसरे माप म्हणजे पाण्यातून जाताना आडवी लहर उभीपेक्षा किती मागे पडते. गारांनी ते फारसे बिघडत नाही आणि वाटेतल्या क्षीणतेनेही नाही, म्हणून मुसळधार पाऊस मोजायला डीबीझेडपेक्षा ते बरे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यभर गारपीट झाली. तशा दिवसांत अंदाजकर्ता आधी ५० डीबीझेडचा गाभा शून्य अंशाच्या पातळीच्या किती वर चढला ते पाहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी खाली असते, गार वितळायला अंतर कमी मिळते; तोच ढग जुलैत नुसता पाऊस देऊन गेला असता.

अंदाज देणाऱ्याचा दिवस मात्र रडारपासून सुरू होत नाही, आणि होऊही नये. सकाळी हवेत सोडलेल्या हवामान-फुग्याच्या नोंदी येतात: मुंबई, नागपूर, भोपाळ. त्यावरून हवेत किती जोर साठला आहे, ढगाचा तळ किती उंच असेल, खालचा थर किती कोरडा आहे ते ठरते. दुपारी इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांत ढग कुठे फुगतात ते दिसते. रडारवर पहिला ३५-४० डीबीझेडचा ठिपका पाच-सहा किमीच्या वर उमटतो, तो पावसाच्या आधी पंधरा-वीस मिनिटे. विजांच्या नोंदी अचानक वाढल्या तर ढग जोर धरतो आहे असे समजतात. हे सगळे जुळले की तीन तासांसाठीचा तातडीचा अंदाज निघतो, त्यात वाऱ्याचा वेग ३०-४०, ४०-५० किंवा ५०-६० असा देतात. खान्देशाचे तिन्ही जिल्हे हवामान विभागाच्या मध्य महाराष्ट्र उपविभागात येतात, म्हणून तो इशारा मुंबईच्या प्रादेशिक केंद्रातून निघतो. इशारा जिल्हाभर असतो याची लोकांना चीड येते. पण ढगाचे वरचे धडच दिसत असेल तर गावाचे नाव घेणे हा जुगार आहे. जिल्हा सांगणे प्रामाणिक आहे.

पावसाळ्यात चित्र पालटते, आणि इथे लांबची रडार खान्देशाला कामाची ठरतात. तापी मुलताईला उगम पावते. मुलताई नागपूरच्या रडारपासून ११० किमीच्या आसपास. बैतूल नागपूर आणि भोपाळ या दोन्हींपासून दीडशे-एकशे साठ किमी. म्हणजे वरच्या तापीचा पाऊस दोन्ही रडार अडीच-तीन किमी उंचीवरून पाहतात, तेही वितळणाऱ्या थराच्या खालून. पूर्णेचे अकोल्याकडचे खोरे नागपूरपासून दोनशेच्या पुढे जाते, तिथला आकडा जपून घ्यावा. बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशातून पश्चिमेला सरकते तेव्हा पाऊस आधी बैतूल, मग बुऱ्हाणपूर, मग आपल्याकडे असा येतो. तापीवरच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती आणि कधी उघडायचे, खाली भुसावळ-चोपड्याच्या काठावर कधी सांगायचे, याला या दोन रडारचा अंदाज आणि खोऱ्यातली पर्जन्यमापके एकत्र लागतात. एक चौरस किमीवर एक मिमी पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी, हा गुणाकार करत राहायचा.

नुसत्या रडारच्या आकड्यावर पूर मोजू नये. यंत्राचे कॅलिब्रेशन एक डेसिबलने चुकले तर पाऊस १५ टक्क्यांनी चुकतो, तीन डेसिबलने चुकले तर ५० टक्क्यांहून जास्त. अँटेनावरचा घुमट भिजला की रडारवरच पाऊस असताना सगळे ढग फिके दिसतात. म्हणून तासा-तासाला पर्जन्यमापकांशी ताळा घालून रडारचा आकडा वर-खाली करतात. सूर्याच्या रेडिओ लहरींवरून अँटेनाची दिशा आणि ग्रहणशक्ती तपासायची सोय आहे, ती नियमित वापरली तर चूक डेसिबलच्या आत राहते.

हे गणित अजिंठ्याच्या रांगेतून उतरणाऱ्या ओढ्या-नद्यांना लागू पडत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव बुडाले. अशा आखूड, तीव्र उताराच्या खोऱ्यात डोंगरावर पडलेले पाणी काही तासांत गावात असते. तिथे १०० किमीच्या आत रडार आणि घाटमाथ्यावर तासाला नोंद पाठवणारी पर्जन्यमापके, दोन्ही लागतात. माझ्या मते खान्देशात पहिला हक्क याच रांगेचा आणि त्यानंतर सातपुड्याच्या पायथ्याचा. मात्र जागा निवडताना साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या नजरेत ठेवाव्या लागतील. डोंगराचा स्थिर प्रतिध्वनी गाळणीने काढता येतो, कारण त्याचा वेग शून्य असतो. पवनचक्कीचे पाते फिरते, त्याला वेग असतो, म्हणून गाळणी त्याला पाऊस समजून आत सोडते आणि त्या जागी कायम एक न हलणारे वादळ उभे दिसते.

खोट्या ठिपक्यांची आणखी काही ओळख. थंडीत निरभ्र पहाटे जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, झोत वाकून जमिनीला लागतो आणि डोंगररांगांच्या आकाराचे डाग उमटतात. ऊन वाढले की विरतात. सूर्य उगवताना-मावळताना त्या दिशेला केंद्रापासून कडेपर्यंत सरळ रेघ येते. तशीच रेघ दिवसभर एकाच दिशेला राहिली आणि रडार सी-बँड असेल, तर जवळपासच्या पाच गिगाहर्ट्झच्या वायफायवर संशय घ्यावा. अंधार पडताना रडारभोवती गोल फुगत जाणारा हिरवा डाग हे बहुतेक कीटक असतात.

शेतकऱ्याने चित्र कसे पाहावे? आधी वेळ. चित्रावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिले असेल तर साडेपाच तास मिळवा. ०९३० म्हणजे आपले दुपारचे तीन. चोवीस तासांच्या पावसाचे चित्र सकाळी साडेआठ ते साडेआठ धरलेले असते. मग रडार निवडा: धुळे-नंदुरबारला मुंबई, रावेर-मुक्ताईनगरला भोपाळ, आणि पूर्वेकडून काय येते ते पाहायला नागपूर. २५० किमीच्या वर्तुळाबाहेर असाल तर ५०० किमीचे चित्र उघडा, पण त्यातून पाऊस किती याचा अंदाज काढू नका. फक्त उंच ढग कुठे आहेत एवढेच घ्या.

एका चित्रावरून काही ठरवू नका, अर्ध्या तासातली तीन-चार चित्रे लावा. समजा साक्रीवरचा ठिपका अर्ध्या तासात १५ किमी पूर्वेला सरकला, म्हणजे ताशी ३०. साक्री ते धुळे सरळ अंतर ५० किमीच्या आत, तर साक्री सोडल्यापासून दीड तासाच्या आसपास. पण सुटा गडगडाटी ढग अर्धा-पाऊण तासच जगतो. तो स्वतः धुळ्याला पोचणार नाही, पोचला तर त्याच्या वाऱ्यातून उठलेला दुसरा पोचेल, आणि तो दहा-वीस किमी बाजूलाही उठू शकतो. ढगांची सलग रांग असेल तर दोन-तीन तासांचा हिशेब चालतो. उंचीची पट्टी पाहा: लाल रंग दहा किमीच्या वर असेल तर अंतर कितीही असो, सावध व्हा. केळीवाल्याने गावावर नजर न ठेवता वारा येतो त्या बाजूला ५० किमीवर ठेवावी. सोबत दामिनी ॲप चालू असू द्या. ते २० आणि ४० किमीच्या परिघातल्या विजा सांगते, आणि वीज मोजायला झोताच्या उंचीची अडचण येत नाही. रडार आंधळे असते तिथे विजांची नोंद हाच खान्देशातला चांगला आधार आहे.

कोणता अंदाज वापरायचा हे कामाला किती वेळ लागतो त्यावर ठरवा. नंदुरबारला पथारीवर मिरची पसरलेली असते. ती गोळा करून झाकायला मजुरांना तीन-चार तास लागणार असतील तर रडारवर ढग दिसल्यावर निघून उपयोग नाही. आदल्या दिवशीच्या पिवळ्या-नारिंगी इशाऱ्यावरच पथारी आवरती ठेवायची, आणि रडार पाहायचे ते उद्या पुन्हा पसरायची का यासाठी. वेचलेला कापूस अंगणातून आत घ्यायला अर्धा तास पुरतो, तिथे रडार आणि दामिनी कामाला येतात. केळीला बांबूचा टेकू आणि बांधावरची शेवरीची रांग ही महिनोन्‌महिने आधीची कामे आहेत, त्यांचा रडारशी संबंध नाही. रडारमुळे एवढे होते की वारा यायच्या आधी माणसे बागेतून आणि विजेच्या तारांखालून बाहेर काढता येतात.

नुकसान झाल्यावर रडारचे चित्र दाखवून भांडू नये. अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिमी असा आहे, आणि वर पाहिल्याप्रमाणे चित्रातला लाल रंग ६५ मिमी पडले असे सिद्ध करत नाही. मंडळाचे स्वयंचलित केंद्र झाडाखाली किंवा भिंतीला लागून तर नाही ना, हे पावसाळ्याआधी जाऊन बघा आणि तसे असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी तक्रार द्या. घरी साधा मोजपात्राचा पर्जन्यमापक ठेवायचा तर आडोशाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, तोंड समपातळीत, आणि नोंद रोज सकाळी साडेआठलाच. म्हणजे मंडळाच्या आकड्याशी ती नोंद लावून पाहता येते.